सहा काटे आणि एक शेपटी

लेन्सची दुर्बीण, खगोलवाले जिला रिफ्रॅक्टर म्हणतात ती, महाग पडते. तेवढ्याच पैशांत आरशाची दुर्बीण दुप्पट व्यासाची मिळते. तरीही आकाशाचे फोटो काढणारे पुष्कळ जण रिफ्रॅक्टरच घेतात, आणि त्याचं एक कारण निव्वळ देखणेपणाचं आहे. न्यूटनी दुर्बिणीत पुढचा छोटा आरसा पत्र्याच्या पातळ पात्यांवर तोललेला असतो. त्या पात्यांपायी प्रत्येक ठळक ताऱ्याला चार काटे फुटतात. रिफ्रॅक्टरमध्ये प्रकाशाच्या वाटेत असं काहीच नसतं, म्हणून तारा वाटोळा येतो. निदान यायला हवा.

आमच्या लेकीने जुन्नरच्या पुढच्या एका अंधाऱ्या माळावरून अश्वमुख तेजोमेघाचा फोटो काढून आणला, त्यातल्या सगळ्यात ठळक ताऱ्याला सहा काटे होते. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना धुरकट शेपटीसारखं काहीतरी. हा तारा अल्निटाक. मृगाच्या पोटात घुसलेला बाण आपण तीन ताऱ्यांवरून ओळखतो, त्यातला पूर्वेकडचा. १८८८ साली हार्वर्डला घेतलेल्या एका काचपट्टीवर विल्यमिना फ्लेमिंग यांना ते घोड्याचं डोकं पहिल्यांदा दिसलं. ते अल्निटाकपासून जेमतेम अर्ध्या अंशावर आहे. त्यामुळे घोडा हवा असेल तर हा तारा चौकटीत येणारच, आणि दुर्बिणीत काही खोट असेल तर ती तो चारचौघांत सांगणार.

लेकीचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, तरुणपणी स्वतः काच घासून सहा इंची आरसा बनवलेला माणूस. नोकरी सगळी भोसरीच्या टूलरूममध्ये. लेक सॉफ्टवेअरमधली, तिची दुर्बीण शंभर मिलिमीटर व्यासाची ट्रिप्लेट, फोकल लांबी साडेपाचशे. काटे आले कुठून यावर या दोघांचं कधी ना कधी एकमत होईल, एवढा दोघांच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास होता. आल्यावर त्यांचं करायचं काय, यावर होणार नाही हेही माहीत होतं. मी समोर बसून ऐकलं ते देतो. मधे मधे बोलेन, कारण लेख माझा आहे.

भाची : मामा, सरळ पिंच्ड ऑप्टिक्सची केस आहे. दुपारी गाडीच्या डिकीत तीस अंश होते, पहाटे नऊ. भिंगाभोवतीचं ॲल्युमिनियम आक्रसलं, काच तेवढी आक्रसली नाही, ती चिमटीत सापडली. पुढची रिंग अष्टमांश फेरा सैल केली की झालं.

मामा : रिंगला हात लावायचा नाही. आधी आकडे सांग.

भाची : ॲल्युमिनियम अंशामागे दर मीटरला तेवीस मायक्रॉन. शंभर मिलिमीटर व्यास आणि एकवीस अंशांचा फरक, म्हणजे अठ्ठेचाळीस मायक्रॉन. ईडी काच चौदाच्या हिशेबाने धरली तर तीसेक. उरले अठरा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या थोडी वर. तिच्या तीस-पस्तीसपट दाब काचेवर येतोय, आणि तू म्हणतोस हात लावू नकोस!

मामा : गुणाकार बरोबर आहे, सुरुवात चुकली. डिकीतल्या तिसाशी काचेला काय करायचंय? ज्या खोलीत भिंग सेलमध्ये बसवलं तिथलं तापमान धर. ती खोली वीस-बावीस अंशांची असणार. तिथून नऊपर्यंत बारा-तेरा अंश. शिवाय बसवणारा माणूस थोडी मोकळीक ठेवूनच बसवतो, चिमटा बसतो तो ती मोकळीक संपल्यावर. कॅनडात उणे वीसला दुर्बीण मांडणाऱ्याचा फरक चाळीसच्या वर जातो. हे दुखणं त्याचं.

भाची : माळावरची थंडी तुला माहीत नाही.

मामा : थंडी तुला वाजली. काचेला वाजली का, ते काचेलाच विचारू.

(यातलं रिंग सैल करण्याचं प्रकरण वाचकांनी गमतीत घेऊ नये. ट्रिप्लेटमध्ये तीन भिंगं असतात, त्यांच्यामधली अंतरं ठरलेली असतात, आणि ती एकमेकांभोवती कशी फिरवून बसवायची तेही कारखान्यात ठरवलेलं असतं. रिंग सैल करून दुर्बीण गाडीत घालून घाटातून आणली की भिंगं आपापल्या जागा सोडू शकतात. मग काट्यांची तक्रार राहत नाही, कारण ताराच धड येत नाही. उपायांच्या याद्यांमध्ये सगळ्यात धाडसी उपाय नेहमी सगळ्यात वर का असतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.)

भाची : काचेला कसं विचारायचं?

मामा : काटे मोज.

भाची : सहा.

मामा : सहाच ना? तीन नाहीत? भिंगाला तीन जागी चिमटा बसला तर तारा त्रिकोणी होतो, तीन बाजूंना ओढल्यासारखा. एका टोकासमोर दुसरं टोक नसतं. प्रकाश नुसता अडवला गेला तर त्याचा ठसा केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखाच उमटतो. एक काटा इकडे तर एक बरोबर समोर. तरंगच वाकडा झाला तर मात्र ही सममिती मोडते. तुझे काटे जोडीने आलेत, आणि ताऱ्याचा गाभा बघ, वाटोळा आहे. हे वाकणं नाही, अडणं आहे.

भाची : जोरात चिमटा बसला तर सहाही दिसतात म्हणे.

मामा : म्हणे सोड. तुझ्याकडे रात्रभराच्या फ्रेम आहेत. संध्याकाळी आठची आणि पहाटे तीनची शेजारी ठेव.

तिने लॅपटॉपवर दोन्ही फ्रेम ठेवल्या. आठला पारा अठराच्या आसपास होता, तीनला दहा. काटे तेवढेच, तसेच. थंडीचं दुखणं असतं तर ते रात्रीबरोबर वाढलं असतं. तिने मान हलवली, पण हार मानल्यासारखी नव्हे. पुढचा प्रश्न सापडल्यासारखी. हा तिचा गुण तिच्या आईकडून आला आहे.

भाची : ठीक, थंडी नाही. मग कॅमेरा तरी असेल. सीएमओएस सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर बारीक भिंग असतं, त्या जाळीमुळेही ठळक ताऱ्याभोवती नक्षी येते.

मामा : ती नक्षी पिक्सेलच्या रांगांशी बांधलेली असते, आडवी-उभी. कॅमेरा फोकसरमध्ये तीस अंश फिरवून एक फोटो काढ. काटे चौकटीत जिथल्या तिथे राहिले तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा: सेन्सर, फिल्टरची कड, ताऱ्याचा माग धरणाऱ्या गाइडरचं प्रिझम यांपैकी काहीतरी. चौकटीत फिरले तर दोष नळीच्या बाजूचा.

हा प्रयोग गच्चीवरूनही होतो, त्याला माळ लागत नाही. व्याधाकडे दुर्बीण लावून तिने तो त्याच रात्री केला. सहाही काटे चौकटीत तीस अंश फिरले. म्हणजे नळीकडचे, आणि प्रत्येक ठळक ताऱ्याला सारखेच, म्हणजे थेट वस्तुभिंगापाशी. फोकसरची नळी आत फार घुसली असती किंवा फिल्टरची कड आडवी आली असती, तर चौकटीच्या कडेचे तारे जास्त बिघडले असते आणि मधले सुटले असते. ड्यू हीटरची वायर तोंडावर लोंबत नव्हती, फोकसचा बाख्तिनोव्ह मास्क काढायचा राहिला नव्हता, शील्डला कोळ्याचं जाळं नव्हतं. हे सगळं तिने आधीच पाहिलं होतं, आणि मामाने विचारल्यावर तिला राग आला.

मामा : आता गंमत बघ. एका फ्रेममधला लाल आणि निळा चॅनल वेगळा कर. काटे मोज.

भाची : लाल लांब आहेत. निळे आखूड. साधारण... तीन चतुर्थांश.

मामा : विवर्तनाची सही. प्रकाश कडेवरून वळतो तो तरंगलांबीच्या प्रमाणात. लाल जास्त पसरतो, निळा कमी. काच वाकलेली असती तर तारा दोन्ही रंगांत जवळपास सारखाच ओढला गेला असता. आता हिरव्यात किती?

भाची : मधोमधपासून पहिल्या पुसट जागेपर्यंत... चौपन्न पिक्सेलच्या आसपास.

मामा : एक पिक्सेल आकाशात किती?

भाची : तीन पूर्णांक शहात्तर मायक्रॉन, साडेपाचशे फोकल... एक पूर्णांक एक्केचाळीस विकला. चौपन्न पिक्सेल म्हणजे शहात्तर विकला.

मामा : तरंगलांबीला त्या कोनाने भाग, रेडियनमध्ये.

भाची : दीड मिलिमीटर.

मामा : आणि काटा जाड किती?

भाची : तेरा-चौदा पिक्सेल.

मामा : चौथा हिस्सा. म्हणजे अडथळा चौपट रुंद. दीड मिलिमीटर आत डोकावणारं, सहा मिलिमीटर रुंद असं काहीतरी भिंगाच्या कडेला तीन ठिकाणी बसलंय. एकशेवीस-एकशेवीस अंशांवर.

भाची : न बघता सांगतोस?

मामा : बघितलं की तूच, थेट अल्निटाकवरून.

मला इथे थांबायला हवं, कारण या गणिताची ऐट वाचकांपर्यंत पोचायला हवी. ताऱ्याचा प्रकाश गोल तोंडातून आत येतो तेव्हा तो बिंदू म्हणून उमटत नाही. एक छोटी चकती आणि तिच्याभोवती फिकट कडी असं त्याचं रूप होतं. जॉर्ज एअरी यांनी १८३५ साली त्याचं गणित मांडलं. शंभर मिलिमीटरच्या तोंडासाठी त्या चकतीची त्रिज्या दीड विकलेलाही पोचत नाही. गोल कड प्रकाश सगळ्या दिशांना सारखा वाटते, म्हणून कडी होतात. पण कडेचा एखादा तुकडा सरळ झाला की तो आपल्या वाट्याचा प्रकाश एकाच रेषेत टाकतो, स्वतःशी काटकोनात. कड जेवढी लांब तेवढा काटा बारीक, आणि अडथळा जेवढा अरुंद तेवढा काटा लांब. काटा हे त्या कडेचं मोजमाप आहे, फक्त उलट्या भाषेत लिहिलेलं. म्हणून ज्याला मोजता येतं त्याला स्क्रू पिळावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी टॉर्च तिरपा धरून दोघांनी भिंगात पाहिलं. भिंगांमधलं हवेचं अंतर राखायला कडेला पातळ पत्र्याचे तीन तुकडे ठेवलेले असतात, ट्रिप्लेटमध्ये ही नेहमीची रीत आहे. चांगल्या बसवणीत ते रिंगच्या आड लपतात. इथे ते आत डोकावत होते. मापं मामाने सांगितली तेवढीच निघाली असं लिहायला मला आवडलं असतं. रुंदी सहा निघाली, डोकावणं एका तुकड्याचं दीड आणि दुसऱ्याचं त्याहून थोडं कमी होतं, आणि त्या दुसऱ्याच्या दिशेचे काटे खरंच किंचित लांब आणि फिकट होते. तिसरा टॉर्चच्या उजेडात नीट दिसला नाही.

भाची : पण हे आधी का दिसलं नाही? याच दुर्बिणीने मी आधीही फोटो काढलेत.

मामा : तेव्हा चौकटीत दुसऱ्या प्रतीचा तारा नसेल. तीन तुकड्यांचं क्षेत्रफळ सत्तावीस चौरस मिलिमीटर, तोंडाचं जवळपास सात हजार आठशे. हजारात साडेतीन भाग. म्हणजे काट्यांमध्ये मिळून मूळ ताऱ्यापेक्षा सहा प्रतींनी मंद इतका प्रकाश, तोही पसरलेला. आठव्या प्रतीच्या ताऱ्याला काटे आहेतच, फक्त ते आकाशाच्या उजेडात बुडतात. त्यातून तू हिस्टोग्राम ताणतेस. मंद तेजोमेघ वर काढायला जे ताणतेस, त्यात काटेही वर येतात.

भाची : म्हणजे सहा काट्यांचा खुलासा झाला. शेपटीचा नाही.

मामा : शेपटी तेच. एखादा तुकडा वाकडा असेल.

भाची : नाही. तुझाच नियम लाव. अडथळ्याचे काटे जोडीने येतात.

मामा : शेपटीही दोन्ही बाजूंना आहे की.

भाची : स्टॅकमध्ये आहे, सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या फोटोत. सुट्या फ्रेममध्ये बघ.

इथे पारडं फिरलं. माउंट जर्मन पद्धतीचा; तारा मध्यमंडल ओलांडतो तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते, मेरिडियन फ्लिप म्हणतात ते. जानेवारीअखेर मृग साडेनऊच्या सुमारास माथ्यावरून जातो. त्याआधीच्या प्रत्येक फ्रेममध्ये शेपटी चौकटीच्या उजवीकडे होती, नंतरच्याही प्रत्येक फ्रेममध्ये उजवीकडेच. पण फ्लिपनंतर आकाश चौकटीत उलटं झालेलं. सॉफ्टवेअरने तारे जुळवताना अर्ध्या फ्रेम गोल फिरवल्या आणि एकाच शेपटीच्या दोन केल्या. मामा स्क्रीनच्या फार जवळ जाऊन बघत राहिला.

भाची : आणि ही लाल-निळ्यात सारख्याच लांबीची आहे. विवर्तन नव्हे. शिवाय चौकटीतला सिग्मा ओरायनिसही ठळक आहे, त्याला सहा काटे मंद का होईना पण आहेत, शेपटी नाही. आणि अल्निटाकची शेपटी चौकटीची उजवी बाजू सोडत नाही. त्या बाजूला काय आहे? ऑफ-ॲक्सिस गाइडरचं प्रिझम. मी ते सेन्सरच्या अगदी काठाला आणून ठेवलंय, गाइड तारे जास्त मिळावेत म्हणून. त्याच्या पॉलिश न केलेल्या बाजूवरून प्रकाश घसरतोय.

मामा : हे मी पाहिलं नसतं.

भाची : तू स्टॅकच बघत होतास. स्टॅक म्हणजे सरासरी. सरासरीत गुन्हेगार सापडत नाही.

(टूलरूमचा माणूस आणि डेटावाली मुलगी यांच्यातला फरक मला इथे दिसला. तो आकृती मोजून वस्तूपर्यंत जातो, ती सुट्या फ्रेम ताडून. शेपटी सापडायला तिची रीत कामी आली, काटे सापडायला त्याची. बरं, हे मी मोठ्याने बोललो नाही. दोघांनाही आवडलं नसतं.)

मग खरा वाद सुरू झाला.

भाची : आता सोपं आहे. तारे वेगळे काढणारं सॉफ्टवेअर आहे. तेजोमेघ एका थरात, तारे दुसऱ्या थरात. अल्निटाकचे काटे पुसायचे आणि वाटोळा करून परत ठेवायचा. दहा मिनिटांचं काम.

मामा : परत ठेवलेला तारा कुणाचा?

भाची : म्हणजे?

मामा : आकाशातला अल्निटाक तू पुसलास आणि तुझ्या कल्पनेतला ठेवलास. त्याच्या काट्याखाली एखादा मंद तारा असेल तर तोही गेला. मग फोटो कशाला म्हणायचं?

भाची : आणि हिस्टोग्राम ताणणं चालतं? चार तासांच्या फ्रेमची सरासरी चालते? त्या घोड्यामागचा लाल रंग डोळ्याला कुणालाच दिसत नाही, तो चालतो? तुमच्या पिढीला वाटतं फिल्म म्हणजे सत्य. फिल्मलाही लाल रंग स्वतःच्या मर्जीने दिसायचा.

मामा : ताणताना तू सगळ्या फोटोला एकच नियम लावतेस. पुसताना एका ताऱ्याला वेगळा.

भाची : हे खरं आहे. पण मग तुझ्या न्यूटनीचे चार काटे? तू ते भिंतीवर लावतोस, कृत्तिकांचा तो फोटो. तिथे सत्य कुठे गेलं?

मामा : ते काटे मी पत्करलेले आहेत. दोन पात्यांवर आरसा टांगला तेव्हाच मला माहीत होतं.

भाची : मला रिफ्रॅक्टर विकताना काटे सांगितले नव्हते. म्हणून माझे नको असलेले, तुझे हवे असलेले. बाकी फरक काय? वेब दुर्बिणीचे २०२२ चे पहिले फोटो आले तेव्हा प्रत्येक ताऱ्याला आठ काटे होते. षटकोनी आरशांचे सहा, आणि पुढचा आरसा धरणाऱ्या तीन दांड्यांचे सहा. त्यातले चार मुद्दाम आरशांच्या काट्यांवर पडतील असे बसवलेले, म्हणून दोनच वेगळे उरले. लोकांनी ते मोबाइलवर वॉलपेपर म्हणून लावले. रिफ्रॅक्टरवाले तर तोंडावर दोरे ताणून काटे मुद्दाम आणतात.

मामा : मुद्दाम आणलेल्यावर माझा आक्षेप नाही. न कळत आलेल्यावर आहे, आणि न कळता पुसलेल्यावर त्याहून जास्त.

इथे मी मधे पडलो. म्हटलं, नुसत्या डोळ्यालाही ताऱ्यांना किरण दिसतातच. आपल्या डोळ्यातल्या भिंगात धाग्यांचे सांधे असतात, त्यावरून प्रकाश वळतो. म्हणून एका डोळ्याला सगळ्या ताऱ्यांचे काटे एकाच आकाराचे दिसतात. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मामा म्हणाला, "दाजी, तुमचा डोळा परत करता येत नाही, दुर्बीण येते." लेक हसली आणि दोघं पुन्हा आपल्या वादाला लागली.

मामा : एक सांगतो, काटे नेहमी फोटोची नासाडीच करतात असंही नाही. व्याधाचा जोडीदार माहीत आहे ना?

भाची : सिरियस बी. श्वेतबटू.

मामा : बेसेलने १८४४ साली व्याधाच्या डुलण्यावरून तो असणार हे सांगितलं. १८६२ साली ॲल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला तो दिसला, नवं साडेअठरा इंची भिंग तपासताना. तीही रिफ्रॅक्टरच. व्याध त्याच्यापेक्षा नऊ-दहा हजारपट तेजस्वी, आणि सध्या दोघांत अकराएक विकलांचं अंतर. व्याधाच्या झगमगाटात तो बुडतो. तो बघायचा तर हौशी लोक दुर्बिणीच्या तोंडावर षटकोनी भोकाचा पुठ्ठा लावतात. मुद्दाम सहा काटे आणायचे, म्हणजे पसरणारा प्रकाश त्या सहा रेषांत गोळा होतो आणि मधल्या फटी अंधाऱ्या होतात. मग पुठ्ठा फिरवायचा, जोडीदार फटीत येईपर्यंत.

भाची : हे तू कधी केलंयस?

मामा : केलंय. दिसला नाही. हवा थरथरत होती.

(मला हे उत्तर आवडलं.)

भाची : चल, हे मान्य. पण व्याध नव्हे, मला घोडा हवाय. त्यासाठी काय?

मामा : तोंडावर एक रिंग. सत्त्याण्णवचं भोक. तीनही तुकडे झाकले जातील. प्रकाश सहा टक्क्यांनी कमी होईल, चार तासांऐवजी सव्वाचार तास फ्रेम घे. कड मात्र स्वच्छ गोल हवी. कात्रीने कापलेली असली तर तिचेच काटे येतील.

भाची : थ्रीडी प्रिंटरवर करते.

मामा : तुझा प्रिंटर गोल काढतो की बहुभुज?

भाची : ... फाइल काढताना तुकडे वाढवले तर गोलच.

मामा : छत्तीस तुकडे ठेवलेस तर छत्तीस सरळ कडा होतील. आणि मग माझ्याकडे येशील छत्तीस काटे घेऊन. त्यापेक्षा भोसरीला माझ्या ओळखीच्या लेथवर ॲल्युमिनियमची रिंग कातून घेऊ. आतली कड सुरीसारखी, काळी ॲनोडाइज केलेली. आणि शहाण्णवचं भोक.

भाची : शहाण्णव का? सत्त्याण्णव पुरे.

मामा : तिसरा तुकडा नीट दिसला नाही ना. तो दीडच्या वर असला तर?

भाची : मग आठ टक्के प्रकाश गेला. सहाने भागत असताना आठ का देऊ? आधी सत्त्याण्णवची पुठ्ठ्याची लावून बघते, दोन काटे उरले तर शहाण्णव.

रिंगवर असं ठरलं. पुसण्यावर ठरलं नाही. लेकीचं म्हणणं, ज्या रात्री रिंग नव्हती त्या रात्रीचा डेटा फेकून देणं तिला परवडत नाही, ती तो पुसूनच वापरणार. मामाचं म्हणणं, वापर, पण फोटोखाली लिही. ती म्हणाली लिहीन. लिहिलं की नाही ते मी पाहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर, पुसलेल्या ताऱ्यापेक्षा मला सहा काट्यांचा अल्निटाक जास्त ओळखीचा वाटतो. पण मी त्याच्यासाठी रात्रभर माळावर कुडकुडलो नव्हतो, त्यामुळे माझ्या मताला तेवढंच वजन द्यावं.

प्रिझमचा प्रश्न मात्र दोघांनाही झोप देईना. ते मागे घेतलं, शेपटी गेली, आणि तिथे गाइड करायला पुरेसा ठळक ताराच उरला नाही. मामा म्हणतो, गाइडर काढून टाक, वरती वेगळी छोटी गाइडस्कोप बसव. लेक म्हणते, वेगळी नळी वेगळी लवते, पाच-पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे लांबट येतील, आणि मग तू परत विचारशील की हे कुठून आलं. मामा म्हणतो, तीन मिनिटांच्या फ्रेम घे. लेक म्हणते, सव्वाचार तासांच्या तीन-तीन मिनिटांच्या फ्रेमला डिस्क कोण देणार. त्यावर मामाने प्रिझमच्या बाजूला काळा रंग लावायचं सुचवलं, आणि कुठला काळा यावर आता दोघांचं जुंपलं आहे.